टीकेसाठी पुढे ढकललेला डोळा

जगात चांगली कामं भरपूर आहेत. तुटवडा आहे तो त्यांची क्रमवारी लावणाऱ्यांचा. चांगलं काम कोणीही करू शकतं (आणि कित्येक अडाणी माणसं ते रोज, कसलंही पूर्वनियोजन न करता, करून मोकळी होतात). पण अमुक कामापेक्षा तमुक काम किती पटींनी चांगलं, हे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत सांगायला उच्च शिक्षण लागतं. ते देण्याची जबाबदारी एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने उचलली होती. विभागातले बाकीचे दोघे दीर्घ रजेवर असल्यामुळे ती प्रत्यक्षात एकट्या प्राध्यापकांच्या खांद्यावर होती.

अभ्यासक्रमाचं नाव ‘परिणामकारक परोपकार: तत्त्व, गणित आणि उपयोजन’. वेळापत्रकाच्या चौकोनात ते मावेना, म्हणून तिथे नुसतं ‘प. प. ३०२’. विद्यार्थी एकशेवीस, वर्ग क्रमांक चौदा, बाकं नव्वद जणांची. उरलेले तीस खिडकीच्या कट्ट्यावर बसून जगाचं दुःख कमी करायला शिकत.

प्राध्यापक मनाने चांगले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कोणाचा विश्वास बसणार नाही. तरुणपणी त्यांनी एकदा हिशेब केला होता की आपण आयुष्यभर जे काही भलं करू, ते चुकीच्या ठिकाणी केलं तर जवळपास वाया जाईल. त्या विचाराने त्यांची झोप उडाली, आणि सकाळी त्यांनी ‘सुखतास’ हे एकक शोधून काढलं. एका माणसाचं दुःख एक तास टळलं, की एक सुखतास. तेव्हापासून खिशातल्या वहीत ते रोजच्या नोंदी करत. नमुन्यादाखल एका दिवसाचं पान:

दूरदेशी मच्छरदाण्या पाठवण्याविषयी व्याख्यान: १,१४० सुखतास (अंदाजे).
शेजारच्या आजोबांचं अडकलेलं दार ढकलून दिलं: ०.२०.
विभागाच्या लिपिकबाईंना ‘कशा आहात’ विचारलं: ०.१०.
त्यांनी सांगितलं, ते ऐकलं: वजा ०.४० (वेळ गेला).

याच वहीत एक नोंद अशी होती: ‘ताईचं ऑपरेशन, गुरुवार. सोबत जाणे की गाडी पाठवणे?’

ताई म्हणजे प्राध्यापकांची सख्खी मोठी बहीण. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, आता निवृत्त, दोन खोल्यांत एकटी. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि तारीख मिळाली होती. सोबत कोणीतरी हवं, हा हॉस्पिटलचा नियम. त्यासाठी तिने धाकट्या भावाला चार वेळा फोन केला. प्राध्यापकांनी चारही वेळा वही उघडली. प्रश्न अवघड नव्हता. ऑपरेशन डॉक्टर करणार, भूल भूल देणारा देणार, औषधं नर्स घालणार. भावाच्या बसण्याने डोळ्यात तसूभर फरक पडणार नव्हता. उलट ओळखीचा गाडीवाला भरवशाचा होता. तो नेईल, थांबेल, सही करेल, परत आणून सोडेल. दोन्ही पर्यायांचा परिणाम समान; फरक एवढाच की दुसऱ्यात प्राध्यापकांचे पाच तास वाचत होते. नोंदीपुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘जाणे: अनावश्यक’, आणि तसं ताईला कळवलंही. ती म्हणाली, ‘बरं.’

चौतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सच्या ‘बरं’चे निदान सात अर्थ होतात. वहीत एकाच अर्थाची सोय होती.

इकडे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात प. प. ३०२ची फाईल पुढच्या वर्षाच्या मंजुरीसाठी गेली आणि शेरा घेऊन परत आली: ‘अभ्यासक्रमात टीकात्मक दृष्टिकोन आढळत नाहीत. ते अंतर्भूत करावेत. अन्यथा अभ्यासक्रम बंद समजावा.’

प्राध्यापकांना वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण दहा मिनिटंच. त्यापेक्षा जास्त वाईट वाटणं अनुत्पादक असतं. टीकेचं महत्त्व त्यांना तत्त्वतः मान्य होतं. ते स्वतः इतरांवर नियमित टीका करत. त्याच दुपारी त्यांनी नववा घटक लिहून काढला, ‘मर्यादा आणि आक्षेप’. कालावधी पन्नास मिनिटं. दिवस, सुट्टी लागण्याआधीचा शनिवार. आक्षेप एकूण सहा. विद्यार्थ्यांच्या मनात अकारण गोंधळ नको, म्हणून प्रत्येक आक्षेपाचं उत्तर आक्षेपाच्या आधी छापलं होतं. सहाव्याचं उत्तर इतकं साधलं होतं की मूळ आक्षेप लिहायचा राहून गेला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

फाईल पुन्हा परत आली. मंडळाच्या अध्यक्षबाई हिरव्या शाईने लिहीत. ‘टीका ही टीकाकाराने करावी; ज्याच्यावर करायची त्याने नव्हे. टीकाकार विभागाबाहेरचा असावा. हा तास गुरुवारी सकाळी अकरा वाजता घ्यावा; मंडळाचे निरीक्षक उपस्थित राहतील.’

मध्ये आठ दिवस होते. प्राध्यापकांनी टीकाकार शोधायला घेतला. आणि टीकाकार तरी कसा, तर परिणामकारक. निकष तीन ठरवले: टीकेची तीव्रता, टीकाकाराची उपलब्धता, आणि टीका झाल्यावर निमूटपणे चहा घेऊन घरी जाण्याची शक्यता.

समाजशास्त्राचे सर तीव्रतेत पहिले आले. पण ते म्हणाले, मूळ प्रश्न व्यवस्थेचा आहे, तो पन्नास मिनिटांत मांडणं हीच त्या व्यवस्थेची चाल आहे, मला तीन सत्रं लागतील. कायद्याच्या मॅडम उपलब्ध होत्या, पण त्यांचा अभ्यासक्रमाला पूर्ण पाठिंबा निघाला, त्यामुळे त्या निरुपयोगी ठरल्या. हा अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेलेला एक माजी विद्यार्थी आठवला. त्याने कळवलं की तो आता या अभ्यासक्रमावर टीका करण्याचंच काम पूर्णवेळ करतो, आणि येत्या चार महिन्यांत एकही दिवस मोकळा नाही.

मंगळवार उजाडला तरी प्राध्यापक टीकेविना होते. आयुष्यभर न मागता मिळत आलेली गोष्ट मागायला गेल्यावर मिळत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. शेवटी लिपिकबाईच म्हणाल्या, आणि तेही फायलीतून मान वर न काढता.

‘सर, तुमच्या ताईंना का नाही बोलवत? फोनवर बोलतात ते बाहेरपर्यंत ऐकू येतं.’

प्राध्यापकांनी निकष तपासले. तीव्रता: सिद्ध. विभागाबाहेरची: निर्विवाद. चहा: घेते, बिनसाखरेचा. त्यांनी ताबडतोब फोन लावला. आपला अभ्यासक्रम, मंडळाचा शेरा, निरीक्षक, सगळं सविस्तर सांगितलं. ताईने नीट ऐकून घेतलं.

‘कधी म्हणालास?’

‘गुरुवारी. अकरा वाजता.’

‘गुरुवारी माझा डोळा आहे, धाकट्या.’

प्राध्यापकांनी वही उघडली. नोंद होती. इथे सामान्य माणसाने ‘अरे हो, विसरलोच’ म्हणून फोन ठेवला असता. पण सामान्य माणसाजवळ सुखतास नसतात. त्यांनी फोन कानाला तसाच धरून हिशेब केला. एका बाजूला एक डोळा, तोही एका आठवड्याच्या विलंबाने. मोतीबिंदू आठवडाभर थांबू शकतो, हे वैद्यकीय सत्य. दुसऱ्या बाजूला एकशेवीस तरुण मनं, त्यांच्यापुढे प्रत्येकी पन्नास वर्षांचा परोपकार. दोन्ही पारड्यांची तुलना करणंसुद्धा अशिष्ट होतं. त्यांनी विचारलं, ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर टाकता येईल का?



‘मी नीट समजून घेते हं,’ ताई म्हणाली. ‘तू ऑपरेशनला येत नाहीस, याबद्दल मी तुला वर्गात बोलायचं.’

‘हो, साधारण तेच.’

‘आणि त्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं.’

‘हो.’

‘बरं,’ ताई म्हणाली. ‘ढकलते. पण मग पुढच्या गुरुवारी तू यायचंस. गाडी नाही. तू.’

प्राध्यापक म्हणाले, हिशेब करून सांगतो. ताई म्हणाली, कर.

गुरुवारी पावणेअकराला ताई वर्ग क्रमांक चौदात आली. एका डोळ्याने अंधुक दिसत असल्यामुळे ती पायरीवर थबकली. खिडकीच्या कट्ट्यावरच्या तिघांनी ते पाहिलं आणि पायऱ्यांच्या सदोष रचनेची नोंद केली. निरीक्षक मागच्या बाकावर तक्ता घेऊन बसले होते. प्राध्यापकांनी वक्त्यांची ओळख करून दिली, ‘क्षेत्रातला प्रदीर्घ अनुभव’, आणि ते बाजूला उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर टीका ऐकायला तयार असलेल्या माणसाचं हसू होतं. ते त्यांनी सकाळी आरशात बसवून पाहिलं होतं.

ताई खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर.

‘माझ्या वॉर्डात एक जण होता,’ ती म्हणाली. ‘त्याचं सगळं वेळेवर. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, डॉक्टरही चांगले. भेटायला मात्र कोणी यायचं नाही. तो दर दहा मिनिटांनी मला विचारायचा, सिस्टर, किती वाजले? घड्याळ त्याच्या समोरच्या भिंतीवर. मोठं, या फळ्याएवढं. मी नवी होते, चिडायची. मग कळलं, त्याला वेळ नको होती. कोणीतरी सांगायला हवं होतं. मग मी सांगायची. सव्वादोन. दोन पंचवीस.’

वर्गात पेनं चालू होती.

‘आज माझं डोळ्याचं ऑपरेशन होतं,’ ताई पुढे म्हणाली. ‘हा येणार नव्हता. तर त्याने मला ते पुढे ढकलायला लावलं. कशासाठी, तर तो येत नाही हे तुम्हाला सांगायला. सांगितलं. झाली टीका.’

एकूण वेळ चार मिनिटं. निरीक्षकांनी तक्त्यात ‘तीव्रता’ या रकान्यात खूण केली आणि ती पुन्हा गिरवली. प्राध्यापकांचं हसू जागेवरच होतं, पण आता ते कोणाचं आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग प्रश्नोत्तरं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं की या टीकेचं संख्यात्मक रूप काय. ताई म्हणाली, नाही बाई. खिडकीतल्या एका मुलाचा प्रश्न मात्र खरा होता. प्रत्येक जण आपापल्या ताईजवळ बसून राहिला, तर लांबच्या माणसांचं कोणी करायचं? तिकडे लहान मुलं मरतात.

ताईने पर्स बाजूला ठेवली.

‘त्यांचं करता ते चांगलंच करता. मी कुठे नको म्हणते? मी जन्मभर परक्यांचंच केलंय. पण त्यांना आणि मला एका वहीत समोरासमोर कोणी बसवलं? मी नाही, त्यांनीही नाही. ह्याने बसवलं. मला विचारलं असतंस, धाकट्या, तर मी त्यांच्या शेजारी बसले असते.’

यावर वर्गात शांतता पसरली. त्या शांततेची नोंद निरीक्षकांनी ‘विद्यार्थ्यांचा सहभाग: मध्यम’ अशी केली.

अभ्यासक्रम त्याच आठवड्यात मंजूर झाला. अध्यक्षबाईंनी हिरव्या शाईत ‘अनुकरणीय’ असं लिहिलं. विद्यार्थ्यांच्या प्रतिसाद-पत्रकांत टीकेला पाचपैकी सरासरी ४.७ गुण मिळाले. सूचनांच्या रकान्यात आठ जणांनी ‘अशी टीका दर महिन्याला ठेवावी’ असं लिहिलं, दोघांनी ‘पंखा दुरुस्त करावा’, आणि एकाने ‘ताईंबरोबर पुढच्या गुरुवारी कोण जाणार आहे?’ असं विचारलं होतं. ते पत्रक प्रश्नाच्या स्वरूपात असल्यामुळे सरासरीत धरता आलं नाही. प्राध्यापकांनी ते वेगळं काढून वहीत ठेवलं.

बुधवारी त्यांनी हिशेब केला. उत्तर आलं: गाडी. पुन्हा केला, ताईच्या बाजूने थोडी लबाडी करून. गाडी. तिसऱ्यांदा त्यांनी ताईच्या सुखतासांना दहाने गुणलं, जे शास्त्राला धरून नव्हतं. तरीही गाडीच, फरक थोडा कमी. वीस वर्षं ज्या गणितावर पोट भरलं ते असं ऐन वेळी बरोबर निघावं, याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. गुरुवारी सकाळी त्यांनी गाडीवाल्याला बोलावलं, आणि गाडी ताईच्या दाराकडे निघाली तेव्हा ते मागच्या सीटवर बसलेले होते. चुकून नव्हे. पण वहीला विचारून नव्हे, एवढंच.

हॉस्पिटलच्या खिडकीवर सोबतीच्या माणसासाठी एक अर्ज होता. नाव, पत्ता, रुग्णाशी नातं, येण्याचं कारण. पहिले तीन रकाने भरून झाले. चौथ्यापाशी प्राध्यापक अडले. कारण त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. जे होतं ते सगळं न येण्याच्या बाजूचं होतं. मागे रांग खोळंबली. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘भाऊ’.

खिडकीतल्या सिस्टरने अर्ज परत सरकवला. ‘नातं वरती लिहिलंय ना? हे कारणाचं आहे.’

‘हो,’ प्राध्यापक म्हणाले, ‘कारणाचंच आहे.’

सिस्टरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि शिक्का मारला.

पुढचे साडेतीन तास त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर काढले. परिणाम शून्य. एकदा शेजारच्या बाईची पिशवी धरली. वही काढायला हात खिशाकडे गेला, आणि पिशवी जड असल्यामुळे परत आला. एकच्या सुमारास ताईला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, केस विस्कटलेले. तिला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ती डावा डोळा किलकिला करून समोर पाहू लागली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मोठं.

‘किती वाजले रे?’

‘एक दहा,’ प्राध्यापक म्हणाले.

दहा मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं.

‘एक वीस.’

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण प्राध्यापक अखेर प्राध्यापक. एखादी गोष्ट मनाला भिडली की तिचा घटक करायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय. पुढच्या वर्षीच्या प. प. ३०२मध्ये दहावा घटक आला: ‘सोबत (प्रात्यक्षिक)’. श्रेयांक दोन. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात बारा तास हॉस्पिटलात, कोणत्याही परिणामाची अपेक्षा न धरता, बसावं. हजेरी अनिवार्य. परिणामाची अपेक्षा धरल्याचं आढळल्यास गुण कापले जातील. रुग्णाने वेळ विचारल्यास सौजन्याने सांगावी (दोन गुण). न विचारल्यास आग्रह धरू नये.

मंडळाने घटक एकमताने मंजूर केला, आणि इतर सात विभागांनी उचलला. (अर्थशास्त्राने ‘सोबतीची सीमांत उपयोगिता’ हा उपघटक जोडला.) सहा महिन्यांत हॉस्पिटलच्या बाकांवर गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं अपेक्षाविरहित चेहऱ्याने ओळीने बसलेली दिसू लागली. एका रुग्णामागे सरासरी ४.३ विद्यार्थी असं प्रमाण पडलं. हॉस्पिटलला दारावर पाटी लावावी लागली: ‘गर्दीमुळे नातेवाइकांनी कृपया बाहेर थांबावे.’

याच सुमारास ताईच्या डाव्या डोळ्याची तारीख आली. गुरुवारच. या वेळी प्राध्यापकांनी वही उघडलीच नाही. ते सरळ तिला घेऊन गेले. आत एकही खुर्ची रिकामी नव्हती. दारातल्या मुलाने, त्यांच्याच विद्यार्थ्याने, हातातल्या यादीवर नजर फिरवली.

‘सर, तुमचा गट कोणता?’

प्राध्यापकांनी सांगितलं की आपण भाऊ आहोत. मुलगा अजिजीने म्हणाला की तशी नोंद नाही, पण पुढच्या पाळीत दोन जागा आहेत. मग दोघं पाटीजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले, नंबर लागेपर्यंत, पाऊण तास. ताईने एक पाय उचलून घोटा चोळला.

‘धाकट्या,’ ती म्हणाली, ‘या वेळी गाडीच पाठवली असतीस, तर तिच्यात बसायला तरी मिळालं असतं.’

ती हसत होती की नाही, हे प्राध्यापकांना कळलं नाही. पण तिने त्यांचा हात घट्ट धरला होता, उभं राहायला आधार म्हणून, आणि उभं राहण्याला तेवढा आधार लागत नाही.

आता थोडं वाचकांविषयी. हे वाचताना तुम्ही तीन-चार ठिकाणी हसला असाल, आणि प्राध्यापकांपेक्षा आपण बरे, अशी मनातल्या मनात नोंदही केली असेल (०.३ सुखतास). घड्याळापाशी मात्र जरा थांबलात. तिथे तुम्हालाही कोणीतरी आठवलं. त्यांनीही तुम्हाला कुठलातरी वार सांगून ठेवलेला आहे. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. आणि तुम्ही हृदयशून्य नसल्यामुळे आता लगेच काहीतरी करणार आहात, याबद्दल शंका नाही. ही कथा तुम्ही त्यांना पाठवणार आहात. वर लिहिणार आहात, ‘वाच. तुझी आठवण आली.’

अवश्य पाठवा. गाडीसुद्धा वेळेवरच पोहोचली असती.